वीस यार्डांचं गणित: पेनसिल्व्हेनियात धनुष्यबाणाने हरणाची पहिली शिकार

भारतात हरणाची शिकार चालत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात मारणं तर सोडाच, फासे लावणं, हाकारणं, नुसता प्रयत्न करणं हेसुद्धा ‘शिकार’ या व्याख्येत बसतं. त्यामुळे हा लेख अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यापुरताच आहे. फिलाडेल्फिया, हॅरिसबर्ग, पिट्सबर्गच्या आसपास राहणाऱ्या किंवा न्यू जर्सीतून डेलावेअर नदी ओलांडून येणाऱ्या मराठी मंडळींसाठी तो लिहिला आहे. शेजारच्या राज्यात अंतरं, तारखा, टॅग (मारलेल्या जनावराला लावायची चिठ्ठी), सगळं बदलतं. न्यू जर्सीत राहणाऱ्या मित्राने सांगितलेला नियम इकडे लावला की दंड ठरलेला.

बंदूक सोडून धनुष्य का? कामाच्या व्हिसावर असलेल्यांना बंदूक बाळगण्यावर केंद्रीय कायद्याची बंधनं आहेत. शिकारीचा परवाना असेल तर सूट मिळते, पण कागदपत्रांची कटकट उरतेच. धनुष्य मात्र त्या कायद्यात ‘फायरआर्म’ धरलं जात नाही. शिवाय धनुष्याचा मोसम लांब असतो, आणि उपनगरांत जिथे बंदुकीला जागाच नाही तिथेही झाडावर बसून बाण चालवता येतो. बदल्यात जनावर फार जवळ यावं लागतं, वीस यार्ड म्हणजे जेमतेम १८ मीटरवर. पुढचं सगळं या अंतराभोवती फिरतं.

परवाना: उन्हाळ्यातच उरकायचं काम

पहिल्यांदा परवाना घेणाऱ्याला हंटर-ट्रॅपर एज्युकेशनचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. वर्गात बसून केला तर मोफत, घरी ऑनलाइन केला तर फी पडते. जवळपासचे वर्ग ऑगस्टनंतर पटापट भरतात. नोंदणी मे-जूनमध्ये करा.

परवान्याचं वर्ष १ जुलै ते ३० जून. विक्री जूनच्या शेवटी सुरू होते. ‘हंटफिशपीए’ या सरकारी संकेतस्थळावर किंवा शिकारीचं सामान विकणाऱ्या दुकानातल्या खिडकीवर परवाना मिळतो. सोशल सिक्युरिटी क्रमांक लागतो. राज्यातल्या प्रौढ रहिवाशाला सर्वसाधारण परवाना २०.९७ डॉलरला पडतो, बाहेरच्या राज्यातल्याला तोच १०१.९७ डॉलरला. त्यावर धनुष्याचा, म्हणजे आर्चरीचा परवाना वेगळा काढायचा. नवखे इथेच हमखास चुकतात. सर्वसाधारण परवाना खिशात असतो, आर्चरीचा नसतो आणि तसेच ऑक्टोबरात जंगलात शिरतात.

सर्वसाधारण परवान्यासोबत एका शिंगवाल्या नराचा टॅग येतो. वर्षाला नर एकच. मादी किंवा बिनशिंगी हरीण मारायचं असेल तर त्या-त्या विभागाचा वेगळा परवाना घ्यावा लागतो. राज्याचे वन्यजीव व्यवस्थापन विभाग पाडलेले आहेत. त्यांना २बी, ५सी असे क्रमांक आहेत. मादीचा परवाना विभागनिहाय मर्यादित संख्येत, फेऱ्याफेऱ्यांनी विकला जातो आणि काही विभागांत लवकर संपतो. पहिल्या मोसमात मादीचाच परवाना घ्या, असा आमचा आग्रह आहे. माद्या जास्त दिसतात, शिंगं मोजत बसावं लागत नाही आणि मांसही कोवळं मिळतं.

नर मारायचा तर शिंगांचा नियम पाठ हवा. २००२ पासून तो लागू आहे. राज्याच्या बहुतेक भागात एका बाजूच्या शिंगाला किमान तीन टोकं लागतात. पश्चिमेकडच्या १ए, १बी, २ए, २बी आणि २डी या विभागांत तीन टोकं मोजताना कपाळाजवळचं टोक धरत नाहीत. लहान मुलं आणि आणखी काही गटांना सवलत आहे, तुम्हाला नाही. संध्याकाळच्या उजेडात टोकं मोजता येत नसतील तर तो नर तुमचा नाही.

तारखा दरवर्षी राज्याचा शिकार आयोग, म्हणजे गेम कमिशन, जाहीर करतो. ढोबळमानाने राज्यभर आर्चरीचा मोसम ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारच्या सुमारास उघडतो, नोव्हेंबरच्या मध्यापलीकडे जातो आणि नाताळानंतर पुन्हा थोडा उघडतो. पिट्सबर्गजवळचा २बी आणि फिलाडेल्फियाजवळचे ५सी, ५डी हे विभाग सप्टेंबरातच सुरू होतात, कारण तिथे हरणं अति झाली आहेत. रविवारची जुनी बंदी २०२५ च्या कायद्याने उठली, पण कोणता रविवार कोणत्या मोसमात खुला हे आयोगच ठरवतो. दर वर्षी निघणारी हंटिंग अँड ट्रॅपिंग डायजेस्ट ही पुस्तिका त्यासाठीच असते. गेल्या वर्षीच्या पुस्तिकेवर विसंबू नका.

शिकारीची वेळ सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत. मिनिटांचा तक्ता पुस्तिकेत असतो. त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

कुठे बसता येतं

सरकारी शिकारभूमी, म्हणजे स्टेट गेम लँड्स, राज्यात तीनशेहून जास्त आहेत आणि मिळून सुमारे पंधरा लाख एकर भरतात. तिथे परवानाधारकाला कोणाची वेगळी परवानगी लागत नाही. राज्याची वनं त्याहून मोठी. खाजगी जमिनीवर मालकाची परवानगी हवीच. ती लेखी घ्या, तोंडी हो म्हणालेला मालक मोसमात बाहेरगावी असतो.

फलक नाही म्हणजे मोकळं रान, असं समजू नका. २०२० च्या सुरुवातीपासून झाडावर जांभळ्या रंगाचा उभा पट्टा हाच ‘प्रवेश बंद’चा फलक आहे. पट्टा किमान ८ इंच लांब, १ इंच रुंद आणि जमिनीपासून ३ ते ५ फुटांवर असतो. दोन पट्ट्यांत १०० फुटांपेक्षा जास्त अंतर नसतं. फिलाडेल्फिया आणि ॲलेगेनी या दोन काउंट्यांत ही पद्धत नाही, तिथे फलकच पाहायचा.

वस्तीजवळ सुरक्षा पट्टा असतो. बंदुकीला तो १५० यार्डांचा आहे, धनुष्याला आणि क्रॉसबोला (बंदुकीसारख्या दांड्यावर आडवं बसवलेलं धनुष्य) ५० यार्डांचा. राहतं घर, कॅम्प, कारखाना, शेतावरची इमारत, या सगळ्यांपासून रहिवाशाच्या परवानगीशिवाय ५० यार्डांच्या आत शिकार चालत नाही. शाळा, पाळणाघर यांच्या खेळाच्या मैदानाला मात्र धनुष्यासाठीही १५० यार्डच. मचाण बांधण्याआधी रेंजफाइंडरने जवळच्या घराचं अंतर मोजा. अंदाज नको, पानं गळली की डिसेंबरात तेच घर एकदम जवळ दिसू लागतं. गाडीरस्त्यावरून, किंवा रस्त्याच्या वाहत्या भागापासून २५ यार्डांच्या आतून बाण सोडणंही गुन्हा आहे.

आमिषाचा नियम आपल्या लोकांना सर्वांत चमत्कारिक वाटतो. मका, सफरचंदं, मीठ किंवा गवत टाकून हरणं गोळा करायची आणि तिथे बसायचं, हे बेकायदा आहे. आमिष उचलल्यावरही ३० दिवस त्या जागी शिकार करता येत नाही, आणि ते तुम्ही टाकलेलं नसलं तरी फरक पडत नाही. आग्नेयेकडच्या काही भागांत खाजगी जमिनीवर परवानगीने अपवाद आहेत. नवख्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये. शेतात नेहमीसारखं पेरलेलं पीक किंवा झाडाखाली आपोआप पडलेली फळं आमिष धरली जात नाहीत.

धनुष्य

पहिल्या मोसमाला कंपाउंड धनुष्य घ्यावं. त्याच्या टोकांना चाकं, म्हणजे कॅम असतात. दोरी पूर्ण ओढली की ओढीचं ७० ते ८५ टक्के वजन सुटतं आणि तुम्ही थरथर न करता थांबू शकता. हरीण झाडामागून बाहेर यायची वाट बघताना हे अर्धं मिनिट फार मोलाचं. रिकर्व्ह, म्हणजे बिनचाकांचं, टोकं वळलेलं धनुष्य, दिसायला देखणं असतं, पण त्याला सरावाची वर्षं लागतात.

कायद्याने धनुष्याचं कमाल ओढवजन किमान ३५ पौंड हवं, क्रॉसबोचं किमान १२५. प्रत्यक्षात प्रौढाने ४५ ते ६० पौंडांच्या दरम्यान राहावं. तपासायची सोपी रीत अशी: खुर्चीवर बसा, धनुष्य समोर सरळ धरा आणि आकाशाकडे न उचलता दोरी ओढा. ओढता येत नसेल तर वजन जास्त आहे. थंडीत, जाड कोटात, दोन तास न हलता बसल्यावर जी ओढ जमते तीच खरी. वजन लिंबच्या, म्हणजे धनुष्याच्या लवचिक हातांच्या, बोल्टने कमी करता येतं, एका फेऱ्याला साधारण २ ते ३ पौंड.

ओढीची लांबी मापानेच ठरवा. दोन्ही हात फैलावून मधल्या बोटांच्या टोकांमधलं अंतर इंचात मोजा आणि २.५ ने भागा. ६८ इंच आले तर ओढ सुमारे २७ इंच. नवखे बहुतेक वेळा लांब ओढीचं धनुष्य घेऊन बसतात. मग डावी कोपर ताठ होते, दोरी हातावर घासते आणि बाण डावीकडे जातो. शंका असेल तर अर्धा इंच कमी घ्या.

रिकाम्या दोरीचा झटका कधीही सोडू नका. बाण नसताना दोरी सोडली तर बाणाने पेलायची सगळी ताकद कॅम आणि लिंबवर आदळते. धनुष्य तडकतं, दोरी तुटते, कधी डोळाही जातो. मित्राच्या हातात धनुष्य देताना हेच पहिलं वाक्य असू द्या. दोरीला दर दोन-तीन आठवड्यांनी मेण चोळा, आणि धागे फुलायला लागले की दोरी बदला.

बाण आणि पातं

बाणाची लवचिकता धनुष्याशी जुळली नाही तर उरलेलं सगळं व्यर्थ. तिला स्पाइन म्हणतात. २८ इंचांवर टेकवलेल्या नळीच्या मध्यावर १.९४ पौंड वजन टांगून ती किती वाकते ते मोजतात. ४०० स्पाइन म्हणजे ०.४०० इंच वाकणारी नळी. आकडा लहान तितकी नळी ताठ. साधारण ५० ते ६० पौंडांच्या धनुष्याला ४०० चालते, ६० ते ७० ला ३४०, पण बाणाची लांबी आणि पात्याचं वजन यावरही ते अवलंबून असतं. उत्पादकाचा तक्ता बघूनच घ्या.

पूर्ण बाणाचं वजन पात्यासह ४०० ते ४५० ग्रेन (बाण तोलायचं लहान एकक) ठेवा. हलका बाण वेगाने जातो, पण आवाज जास्त करतो आणि हाडाला लागला की अडतो. ताकद काढायची असेल तर वेगाचा वर्ग गुणिले बाणाचे ग्रेन, भागिले ४,५०,२४०. ४२० ग्रेनचा बाण सेकंदाला २६० फूट गेला तर सुमारे ६३ फूट-पौंड येतात. हरणासाठी २५ ते ४१ फूट-पौंड पुरेसे मानतात. म्हणजे वेगाच्या जाहिरातींमागे धावायचं कारण नाही.

पात्याची रुंदी कायद्याने किमान ७/८ इंच, आणि धारा किमान दोन. नवख्याने १०० ग्रेनचं न उघडणारं, स्थिर पातं घ्यावं. उघडणारं पातं सरावाच्या टोकासारखं सरळ उडतं हे खरं, पण तिरक्या कोनात कधी एकच पंख उघडतो आणि आत शिरताना ताकदही खातं. पातं वस्तऱ्याइतकं धारदार हवं. बाण धक्क्याने मारत नाही, शिरा कापून रक्त काढतो. रबरबँड ताणून त्यावर पातं हळूच टेकवा. सहज कापला गेला तर धार पुरेशी.

सराव

एप्रिलपासून सुरुवात करा. रोज वीस-पंचवीस बाण पुरे. शंभर मारले की शेवटचे पन्नास वाईट सवयी शिकवतात.

हरणाच्या छातीतला प्राणघातक भाग साधारण ८ इंचांच्या ताटलीएवढा असतो. कागदी प्लेट लावा. ज्या अंतरावरून पाचच्या पाच बाण, थंड हाताने मारलेला पहिला बाणसुद्धा, त्या प्लेटमध्ये बसतात, तेच तुमचं शिकारीचं कमाल अंतर. परसात ४० यार्डांवर जमलं म्हणून जंगलातही जमेलच असं नाही. पहिल्या मोसमाला २० ते २५ यार्डांवर थांबा.

ऑगस्टमध्ये खऱ्या पात्यांनी मारून बघा. सरावाचे बाण आणि पात्याचे बाण वेगळीकडे लागत असतील तर रेस्ट (बाण टेकतो तो आधार) आणि साइट (नेम धरायचं उपकरण) जुळवून घ्या. दुकानात कागदातून बाण मारून फाटलेली खूण तपासून घेणं उत्तम. मोसम उघडण्याच्या आठवड्यात हे लक्षात आलं तर फार उशीर झालेला असतो.

उंचावरून मारायचा सरावही हवाच. गच्चीवरून किंवा एखाद्या भक्कम, सुरक्षित उंच जागेवरून मारताना हात खाली न करता कंबरेतून वाका, नाहीतर डोळा, पीप (दोरीतलं बघायचं भोक) आणि पिन (साइटमधला नेमाचा ठिपका) यांची रेष मोडते आणि बाण वर जातो. बसून, जाड कोट घालून, हार्नेस (पडू नये म्हणून अंगाला बांधायचे पट्टे) चढवूनही मारून बघा. दोरी कोटाच्या बाहीत अडकते हे दिवाणखान्यात कळलेलं बरं.

वारा, ओक आणि पायवाट

पांढऱ्या शेपटीचं हरीण नाकाने जगतं. डोळ्यांना तुम्ही फसवाल, नाकाला नाही. म्हणून जागा शोधताना पहिला प्रश्न वाऱ्याचा: हरणं कुठून येणार आणि माझा वास कुठे जाणार? वारा हरणाकडून तुमच्याकडे किंवा आडवा हवा. छोट्या बाटलीतून पावडर उडवून बघा. डोंगराळ भागात सकाळी थंड हवा उतारावरून खाली वाहते, ऊन चढलं की वर जाऊ लागते आणि संध्याकाळी पुन्हा खाली येते. त्यामुळे सकाळची जागा संध्याकाळी निरुपयोगी ठरू शकते. दोन्ही वेळांसाठी दोन झाडं ठरवून ठेवा.

ऑक्टोबरात ओकची फळं पडतात. पांढऱ्या ओकची हरणांना जास्त आवडतात, लाल ओकची कडवट असतात आणि नंतर खाल्ली जातात. जमिनीवर ताज्या लेंड्या, उलथलेली पानं आणि अर्धवट खाल्लेली फळं दिसली तर त्या झाडाच्या वाऱ्याखाली बसा. नोव्हेंबरच्या मध्याच्या सुमारास माजाचा जोर असतो. तेव्हा नर खाणं सोडून माद्यांमागे फिरतात, आणि दोन झाडोऱ्यांना जोडणारी चिंचोळी पट्टी, ओढ्याचा उतार, जुन्या कुंपणाची फट अशा जागा चालू होतात.

जागेवर जायची वाटही ठरवा. हरणं चरतात त्या शेतातून चालत झाडापर्यंत गेलात तर ती संध्याकाळ संपली.

जाता-येता गोचिडीपासून सावध राहा. लाइम रोगाच्या बाबतीत पेनसिल्व्हेनिया देशात वरच्या राज्यांत आहे. कपड्यांवर परमेथ्रिन हे कीटकनाशक मारून वाळवा, आणि घरी आल्यावर काखा, जांघा, केसांची मुळं तपासा.

मचाण: बाणापेक्षा पडण्याची भीती जास्त

१५ ते २० फूट उंची पुरते. त्याहून वर गेलं तर कोन तीव्र होतो आणि दोन्ही फुप्फुसं एका बाणात मिळत नाहीत.

पूर्ण अंगाचा हार्नेस घाला. जमिनीवर पाय असतानाच लाइफलाइनला, म्हणजे झाडावरून खाली सोडलेल्या सुरक्षा दोराला, जोडा आणि पुन्हा जमिनीवर उतरल्यावरच सोडा. पडण्याचे बरेचसे प्रकार चढताना-उतरताना आणि शिडीवरून मचाणावर पाय टाकताना होतात. झाडाला बांधलेला दोर डोक्याच्या वर, इतका आखूड ठेवा की बसल्यावर जेमतेम सैल राहील. लांब दोर असला की पडल्यावर मचाणाच्या खाली लोंबकळावं लागतं, आणि हार्नेसमध्ये लोंबकळत राहिलं तर पायातलं रक्त अडकून माणूस बेशुद्ध पडतो. पाय टेकवायला एक फास खिशात ठेवा. धनुष्य कधीही हातात घेऊन चढू नका. बाण भात्यात, भात्याला झाकण, आणि दोरीने धनुष्य वर ओढून घ्या.

शिकारभूमीवर झाडाला खिळे, स्क्रूच्या पायऱ्या किंवा झाडाला इजा करणारं काहीही चालत नाही. मचाणावर मालकाची ओळखपट्टी लागते. पहिला हरणाचा मोसम सुरू होण्याच्या दोन आठवडे आधी मचाण लावता येतं, शेवटचा संपल्यावर दोन आठवड्यांत काढावं लागतं.

आर्चरीच्या मोसमात भगवा फ्लुरोसंट पोशाख कायद्याने सक्तीचा नाही. पण ऑक्टोबरात एक आठवडा मझललोडर, म्हणजे नळीच्या तोंडातून ठासायच्या बंदुकीचा मोसमही सुरू असतो आणि छोट्या जनावरांचे शिकारी फिरत असतात. झाडापर्यंत चालताना भगवी टोपी घाला. तो रंग आपल्याला दिसतो तसा हरणाला दिसत नाही.

बाण सोडायचा की नाही

हरीण पूर्ण आडवं उभं असेल, किंवा थोडं पाठमोरं तिरकं असेल, तरच सोडायचा. आडव्या हरणात पुढच्या पायाच्या रेषेवर, छातीच्या खालच्या कडेपासून एक तृतीयांश उंचीवर नेम धरा. तिथे हृदय आणि फुप्फुसं दोन्ही येतात. पाठमोऱ्या तिरक्या हरणात बाण पलीकडच्या पुढच्या पायाकडे निघाला पाहिजे अशा बेताने नेम धरा. मग तो शेवटच्या बरगड्यांजवळून शिरला तरी छातीतच जातो.

समोरून तोंड केलेलं हरीण, तुमच्याकडे तिरकं येणारं, थेट खाली उभं असलेलं, पळणारं: यांपैकी एकही नाही. समोरून छातीचं हाड आणि फऱ्याची हाडं बाण अडवतात. तो दिवस हुकलेला बरा, जखमी जनावर दोन दिवसांनी शेजारच्या मळ्यात मेलेलं सापडणं वाईट.

अंतराचं गणितही इथेच आहे. ३० यार्ड म्हणजे ९० फूट. २६० फूट वेगाच्या बाणाला तिथे पोचायला सुमारे ०.३५ सेकंद लागतात. दोरीचा आवाज ०.०८ सेकंदात पोचतो. मधल्या पाव सेकंदात सावध हरीण उडी मारण्यासाठी अंग खाली दाबतं आणि बाण पाठीवरून जातो. डोकं वर करून तुमच्याकडे टक लावलेल्या, कान ताठ केलेल्या हरणाला ३० यार्डांवरून मारू नका. २० यार्डांवर खाली मान घालून चरणाऱ्याला मारा.

माग

बाण सुटल्यावर जागेवर बसून राहा. हरीण कुठे उभं होतं, कोणत्या झाडाजवळ शेवटचं दिसलं, हे डोळ्यांनी पक्कं करा. किमान अर्धा तास थांबा, मग खाली उतरून बाण शोधा. बाणच सगळं सांगतो.

गुलाबी, फेसाळ रक्त असेल तर बाण फुप्फुसाला लागला. हरीण बहुतेक शंभरेक यार्डांत पडलेलं असतं. गडद लाल, जाडसर रक्त म्हणजे यकृत. चार ते सहा तास थांबा. हिरवट-तपकिरी घाण आणि आंबट वास आला तर कोथळा. आठ ते बारा तास थांबा. इथे नवखे हमखास घाई करतात. पोटात लागलेलं हरीण शे-दीडशे यार्डांवर झोपतं. त्याला हलवलं नाही तर तिथेच मरतं. हलवलं तर मैलभर जातं आणि रक्तही थांबतं. मात्र रात्र उबदार असेल तर मांस खराब व्हायची भीती असते. तेव्हा अंदाज घेऊन थोडं आधी निघावं लागतं.

रक्ताच्या प्रत्येक खुणेवर टॉयलेट पेपरचा तुकडा टाकत जा. दोन-तीन तुकडे मागे वळून पाहिले की दिशेची रेष दिसते. पानांच्या खालच्या बाजूला, गुडघ्याएवढ्या उंचीच्या गवतावर बघा. माग हरवला तर पट्ट्याला बांधलेल्या माग काढणाऱ्या कुत्र्याची मदत घेणं या राज्यात कायदेशीर आहे. हरीण शेजारच्या खाजगी जमिनीत गेलं तर मात्र परवानगीशिवाय कुंपण ओलांडू नका. जखमी जनावर तुमचं असलं तरी वाट त्यांची आहे.

टॅग, सोलणं, मांस

हरीण सापडलं की जागेवरून हलवण्याआधी टॅग भरून कानाला लावायचा. म्हणून पेन आणि पक्का दोरा भात्यातच ठेवा. त्यानंतर दहा दिवसांत ऑनलाइन किंवा फोनवरून नोंद करायची.

पोट जागीच साफ करा. हरीण पाठीवर उलटं करून बरगडीच्या हाडापासून खाली कातडं कापा. दोन बोटांच्या मध्ये सुरीचं पातं वर करून धरा, म्हणजे कोथळ्याला टोक लागत नाही. गुदद्वाराभोवती गोल कापून आतडी सुटी करा आणि मूत्राशय न दाबता काढा. मग फुप्फुसांमागचा पडदा कडेने कापून श्वासनलिका शक्य तितकी वर तोडा आणि सगळं एका ओढीत बाहेर घ्या. कोथळा फुटलाच तर ती जागा पाण्याने लगेच धुवा आणि कापडाने कोरडी करा. ऑक्टोबरचा दिवस ५० फॅरनहाइटच्या वर असेल तर पोटात बर्फाच्या पिशव्या भरून निघा. मांस ४० फॅरनहाइटच्या खाली आणायचंय.

क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांचा मेंदू पोखरणारा रोग या राज्यात २०१२ मध्ये पहिल्यांदा सापडला. त्यासाठी रोग व्यवस्थापन क्षेत्रं आखली आहेत. त्यातून डोकं, मेंदू, डोळे, पाठीचा कणा, प्लीहा असे धोक्याचे अवयव बाहेर नेता येत नाहीत. त्या क्षेत्रांत हरणांना खाऊ घालणं आणि मूत्राचे गंध वापरणंही बंद आहे. ठरावीक ठिकाणी ठेवलेल्या पेट्यांत डोकं टॅगसह टाका, तपासणी मोफत होते. निकाल येईपर्यंत मांस वेगळं गोठवून ठेवा, आणि रोग निघाला तर खाऊ नका. हाडं करवतीने कापू नका, सांध्यात सुरी घालून सोडवा.

हरणाची चरबी मेणासारखी असते आणि मटणाचा रस्सा तेलकट, वासाचा करते. ती सगळी काढून टाका. पाठीचे दोन लांब पट्टे कुकरमध्ये घालू नका, तव्यावर पटकन परता. फरा आणि मानेचं मांस मात्र कुकरला, सात-आठ शिट्ट्या. मागच्या रानाचा, म्हणजे मांडीचा, खिमा करायचा तर बकऱ्याची थोडी चरबी घाला, नाहीतर कोरडा होतो. शेजारी, मंडळातले मित्र यांना मांस फुकट द्या. विकणं मात्र बेकायदा आहे, मंडळाच्या जेवणात पैसे घेऊन विकलेला खिमासुद्धा. घरात कोणी मांस खात नसेल तर १९९१ पासून चालणाऱ्या ‘हंटर्स शेअरिंग द हार्व्हेस्ट’ योजनेतून कसायाकडे दिलेलं हरीण गरजू कुटुंबांपर्यंत जातं. शिंगं भारतात न्यायचा विचार मनात आणू नका, विमानतळावर कस्टम्स अडवेल. पाकिटांवर तारीख, विभाग आणि तुकड्याचं नाव लिहा. सहा महिन्यांनी फ्रीझरमध्ये रान कुठलं आणि फरा कुठला हे गोठलेलं मांस बघून ओळखता येत नाही.